मनीप्लांटचे पान किती मोठे होते?

दिवाणखान्यातल्या काचेच्या बाटलीत पाणी, पाण्यात हातभर वेल आणि वेलीवर सहा-सात पाने. हा मनीप्लांट वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. एक नवे पान येते, एक जुने पिवळे पडून गळते आणि हिशोब बरोबरीत सुटतो. घरातल्यांना वाटते, झाडाची जातच लहान. त्याच सोसायटीच्या कुंपणालगत आंब्याच्या किंवा नारळाच्या बुंध्यावर एक वेल चढलेली असते. तिची पाने सुपाएवढी, कडांना आतपर्यंत गेलेल्या खाचा, खोड अंगठ्याहून जाड. ती कुठलीतरी रानवेल असावी असे समजून लोक पुढे जातात. ती मनीप्लांटच असते. कोणीतरी छाटून टाकलेला तुकडा मातीला लागला, रुजला आणि त्याला झाड सापडले, एवढाच तिचा इतिहास.

दोन्हींची मापे शेजारी ठेवली तर विश्वास बसत नाही. घरात वाढवलेल्या मनीप्लांटचे पान सहसा 20 सेंटिमीटरच्या आत राहते. बाटलीतले तर आठ-दहा सेंटिमीटरचेच. मोकळ्यावर, मोठ्या झाडाचा आधार मिळालेल्या वेलीचे पान एक मीटरपर्यंत लांब आणि 45 सेंटिमीटरपर्यंत रुंद होऊ शकते. वेल 20 मीटर उंच जाते आणि खोडाचा व्यास चार सेंटिमीटरपर्यंत पोचतो. लांबी-रुंदीचा गुणाकार करून त्याला 0.7 ने गुणले की हृदयाकृती पानाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने कळते. दहा बाय सात सेंटिमीटरचे पान म्हणजे सुमारे 50 चौरस सेंटिमीटर. साठ बाय चाळीसचे पान म्हणजे जवळजवळ 1,700. एका झाडाचे एक पान दुसऱ्याच्या चौतीस पानांइतके, आणि दोन्हींची जात एकच.

म्हणून ‘हे झाड केवढे होते’ या प्रश्नाला नर्सरीवाल्याने सरळ उत्तर दिले तर ते चुकीचेच असणार. उत्तर झाडात कमी आणि आपण त्याला कुठे ठेवतो त्यात जास्त आहे. हे कसे घडते ते सावकाश पाहू.

मनीप्लांटचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळ घर दक्षिण प्रशांत महासागरात, ताहितीच्या शेजारचे मोओरेआ नावाचे छोटे बेट. तिथे बारा महिने ऊब, भरपूर पाऊस, हवेत कायम ओलावा. कुळ मात्र आपल्या ओळखीचे: अळू आणि सुरण याच कुळातले. मनीप्लांटचा चीक हाताला लागला तर खाज सुटते ती अळूसारख्याच कारणाने, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. लहान मूल किंवा मांजर पाने चावत असेल तर कुंडी उंचावर ठेवावी. या कुळात झाडावर चढणाऱ्या वेली पुष्कळ आहेत. मनीप्लांटला इंग्रजीत पोथॉस म्हणतात, पण खऱ्या पोथॉस वंशातली एक वेल, पोथॉस स्कँडेन्स, सह्याद्रीच्या दमट रानात बुंध्यांवर चढलेली दिसते.

आता वेलीचा एक तुकडा हातात घ्या आणि उजेडात धरा. खोडावर ठरावीक अंतराने गाठी दिसतील. ही पेरे. प्रत्येक पेरावर तीन गोष्टी असतात: एक पान, पानाच्या बगलेत दडलेला डोळा, आणि खोडावर तपकिरी, चामखिळीसारखा उंचवटा. तो उंचवटा म्हणजे थांबलेले मूळ. ओलावा मिळाला की तेच बाहेर पडते. म्हणून छाट लावताना किमान एक पेर हवे. पेराशिवाय नुसते देठासकट पान पाण्यात ठेवले तर ते बरेच दिवस हिरवे राहते, कधी त्याला मुळेही फुटतात, पण पुढे वेल होत नाही, कारण डोळाच नसतो. ऊस लावणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

वेलीचे टोक बघा. शेवटच्या पानाच्या देठाला खालच्या बाजूला पन्हळीसारखा एक पातळ पदर असतो. पुढचे पान त्या पदराच्या आत, सुरळी होऊन वाढते. मग सुरळीचे टोक बाहेर येते, पोपटी रंगाचे, ओलसर चकचकीत. काही दिवसांत सुरळी उलगडते, पान पसरते, रंग गडद होतो, स्पर्श जाड आणि मेणचट लागतो. मागे राहिलेला पदर वाळून तपकिरी होतो. लोकांना तो रोग वाटतो, पण तो रोग नव्हे. देठ आणि पाते जिथे जुळतात तिथे एक किंचित फुगीर सांधा असतो. पान तिथून वळते आणि तोंड उजेडाकडे करते. कुंडी अर्धी फिरवून ठेवली तर काही दिवसांत सगळी पाने पुन्हा खिडकीकडे बघू लागतात, ती याच सांध्यामुळे.

आकाराच्या दृष्टीने खरी मेख यापुढे आहे. पान एकदा पूर्ण पसरले की त्याची वाढ संपली. मग कितीही खत घाला, कितीही उजेडात ठेवा, आठ सेंटिमीटरचे पान आठ सेंटिमीटरचेच राहणार. खोडाचेही जवळपास तसेच. आंब्याचे किंवा वडाचे खोड दरवर्षी जाड होत जाते, कारण सालीखाली नवे लाकूड तयार करणारा थर असतो. मनीप्लांट एकदल वनस्पती, तिच्याकडे तो थर नाही. कांडे जेवढे जाड तयार झाले, जवळपास तेवढेच कायम. त्यामुळे झाडावर चढलेल्या वेलीत एक उलटी गोष्ट दिसते: बुडाशी खोड बारीक आणि वर जाऊ तसे जाड. आपल्याला सवय बुंधा जाड आणि शेंडा बारीक असण्याची. मनीप्लांट बालपणीचे बारीक कांडे तसेच ठेवून त्याच्या पुढे जाड कांडे जोडत जातो.

म्हणजे मनीप्लांट मोठा होतो तो जुने वाढवून नव्हे, तर पुढचे पान मागच्यापेक्षा मोठे काढून. आकाराचा सगळा निर्णय टोकावर, कोंबात होतो. टोकाला परिस्थिती अनुकूल वाटली तर पुढचे पान थोडे मोठे, त्यापुढचे आणखी थोडे. प्रतिकूल वाटली तर थोडे लहान, आणखी लहान. वेलीच्या लांबीवर पानांचे आकार पाहत गेलो तर तिला कुठे बरे दिवस आले आणि कुठे वाईट, हे ओळीने वाचता येते. कोंबात पुढची एक-दोन पाने आधीच आकार घेत असतात, म्हणून जागा बदलल्यावर लगेच येणाऱ्या पानावरून निकाल लावू नये. तिसऱ्या-चौथ्या पानाची वाट बघावी. पुष्कळ लोक इथेच धीर सोडतात आणि कुंडी पुन्हा हलवतात.

टोकाला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते? आधार. पाणी आणि खत त्याच्या नंतर.

रानातली गोष्ट अशी. जमिनीवर उजेड फार कमी. उजेड वर, झाडांच्या शेंड्यांत. वर जायला स्वतःचे लाकूड उभारायचे म्हणजे वर्षानुवर्षांचा खर्च, वेल तो करत नाही. ती दुसऱ्याच्या बुंध्याचा उपयोग करते. पण आधी बुंधा सापडायला हवा. 1975 साली डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी सायन्स या नियतकालिकात एक मजेदार निरीक्षण मांडले होते. मध्य अमेरिकेतल्या रानात अळूच्याच कुळातल्या एका मॉन्स्टेरा वेलीची रोपे उजेडाकडे नव्हे तर अंधाराकडे सरकतात, कारण रानाच्या जमिनीवरून पाहिले तर सर्वांत गडद दिसणारी गोष्ट म्हणजे जवळच्या मोठ्या झाडाचा बुंधा. बुंध्याला पोचले की वागणे पालटते आणि वेल उजेडाकडे चढू लागते.

शोध चालू असतो तेव्हा या वेली काटकसरीने वागतात: पाने लहान, दोन पेरांमधले अंतर लांब, खोड बारीक. कमी खर्चात जास्त अंतर कापायचे. आधार सापडला, मुळांनी बुंधा घट्ट धरला, की काटकसर संपते. पेरे जवळ येतात, खोड जाड होते, प्रत्येक पान आधीच्यापेक्षा मोठे. आणखी वर गेल्यावर पानाचा आकारच बदलतो आणि कडेपासून शिरेकडे खाचा पडतात. लहानपणची पाने एका आकाराची आणि मोठेपणची वेगळ्या, हा प्रकार या कुळात सर्रास आहे. आणि चढलेल्या वेलीचा आधार सुटला, ती लोंबकळू लागली, तर ती पुन्हा शोधाच्या वागण्यावर येते. पाने लहान, कांडी लांब. मोठी झालेली वेल परत लहान होते, असे म्हटले तरी चालेल. प्राण्यांत असे क्वचितच होते.

आपल्या घरातली टांगती कुंडी म्हणजे कायमचा शोध. वेल सुंदर लोंबते, पण तिला बुंधा मिळालेला नाही एवढेच टोकाला कळते आणि ते पाने लहान ठेवत खाली-खाली जात राहते. मनीप्लांटवरच इस्रायलमध्ये झालेल्या एका अभ्यासाने 1992 साली हेच दाखवले: उभ्या आधाराला धरून वर चाललेल्या वेलींची पाने मोठी होत गेली, खाली सोडलेल्यांची लहान. यात दोन गोष्टी एकत्र काम करतात, आधाराचा स्पर्श आणि वर जाण्याची दिशा. वेल खाली लोंबू देऊ नये, वरच चढवावी, नाहीतर पैसा टिकत नाही, असे वास्तूवाले सांगतात. पैशाचे त्यांनाच ठाऊक. पानांपुरता त्यांचा सल्ला अचूक आहे.

आधाराचा दुसरा फायदा पाण्याचा. वर सांगितले की बुडाचे खोड बारीक आणि वरचे जाड. आता वर सुपाएवढी दहा पाने आहेत आणि त्या सगळ्यांचे पाणी बुडाच्या बारीक नळीतून चढायचे आहे. हे जमणार कसे? वेल वाटेतल्या पेरांवरून नवी मुळे सोडते. ही मुळे दोन प्रकारची. आखूड मुळे सालीला चिकटून वेलीला धरून ठेवतात. लांब मुळे बुंध्यावरून खाली उतरतात, सालीतल्या ओलाव्यातून किंवा थेट मातीतून पाणी उचलतात आणि बुडाच्या अरुंद वाटेला वळसा घालून ते वर पोचवतात. म्हणूनच माळी वेल बुडापासून कापतो तरी वरचा भाग लगेच मरत नाही, कित्येक आठवडे हिरवा राहतो, कधी पुन्हा जमिनीपर्यंत मुळे सोडून उभारी धरतो.

यावरून घरातल्या काठीचे गणित कळते. नर्सरीत काथ्या गुंडाळलेली काठी मिळते, कॉयर स्टिक म्हणून. ती कुंडीत रोवून, वेल तिला दोऱ्याने बांधली की काम झाले असे वाटते. काठी कोरडी राहिली तर ती नुसता टेकू. पेरावरची मुळे कोरड्या काथ्यात शिरत नाहीत, वाळून काळी पडतात. काठीला रोज किंवा दिवसाआड पाणी मारले, काथ्या ओलसर राहिला, तर मुळे आत घुसतात आणि त्यानंतरच पानांचा आकार वाढायला लागतो. शेवाळ भरलेली मॉस स्टिक जास्त वेळ ओली राहते, म्हणून तिच्यावर फरक लवकर दिसतो, महागही पडते. बांधताना खोडाची मुळांची बाजू काठीला लागेल असे बांधावे. ही बाजू ओळखणे सोपे आहे: ज्या बाजूला ते तपकिरी उंचवटे असतात ती. उलट बांधलेली वेल महिनोन्‌महिने काठीशी अबोला धरून असते. आणि दोरा देठावरून घेऊ नये, फक्त खोडावरून घ्यावा. देठ मोकळा राहिला तरच पान वळू शकते.

काठीची उंचीही महत्त्वाची. तीन फुटांची काठी संपली, वेल वरून खाली वळली, की पुन्हा लहान पाने. मग एकतर काठी वाढवायची, नाहीतर टोकाकडचा फूट-दीड फुटाचा भाग कापून, तो खाली लावून, चढाई पुन्हा सुरू करायची. मोठ्या पानांचा टोकाचा तुकडा लावला तर नवी पाने बाटलीतल्यासारखी अगदी लहानांपासून सुरू होत नाहीत, थोड्या वरच्या मापावरून सुरू होतात. मात्र त्याला लगेच काठी हवी.

दुसरा मुद्दा उजेडाचा. मनीप्लांटला उजेड लागत नाही हा समज कुठून आला ते कळते: अंधाऱ्या कोपऱ्यात तो मरत नाही. पण न मरणे आणि वाढणे यांत फार अंतर आहे. भर दुपारी बाहेर उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. खिडकीशी, थेट ऊन येत नसताना, काही हजार. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत, सोफ्याच्या कोपऱ्यात, काहीशे किंवा त्याहून कमी. आपल्या डोळ्यांची बाहुली अंधारात मोठी होते म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. झाडाला तशी सोय नाही. मोबाइलवर लक्स मोजणारी फुकट ॲप असतात. आकडे काटेकोर नसतात, पण खिडकी आणि कोपरा यांतला फरक दाखवायला पुरेसे.

इथे लांबीचा एक धोका आहे. अंधाऱ्या कोपऱ्यातली वेल कधीकधी भराभर लांब होते आणि घरचे खूश होतात. नीट पाहिले तर पाने कमी आणि दोन पानांमधले कांडे लांब. तोच शोध. म्हणून मनीप्लांटची वाढ टेपने मोजू नये. दोन आकडे ठेवावेत: महिन्यात किती नवी पाने आली, आणि नवे पान मागच्यापेक्षा मोठे की लहान. शेवटच्या पानाच्या देठाला रंगीत धागा सैल बांधून कॅलेंडरवर तारीख टाकली की पुरे. पाने वाढतात आणि आकारही वाढतो, तर झाड खरोखर वाढते आहे. पाने येतात पण आकार घटतो, तर आधार नाहीतर उजेड कमी आहे. आकार टिकतो पण पाने येतच नाहीत, तर थंडी, कोरडेपणा किंवा मुळांची अडचण.

वेगाबद्दल ढोबळ आकडे सांगता येतात. मुंबई-ठाण्याकडे किंवा कोकणात, खिडकीशी असलेल्या कुंडीत, पावसाळ्यात महिन्याला दोन ते चार पाने येणे ठीक मानावे. वेल अशा वेळी महिन्याला वीत ते फूटभर पुढे सरकते. आतल्या खोलीत महिन्याला एक पान आले तरी समाधान मानावे. मोओरेआचे हवामान आठवा: वीस ते तीस अंशांच्या आसपास तापमान, दमट हवा. पंधरा अंशांच्या खाली मनीप्लांट जवळजवळ थांबतो आणि दहाच्या खाली पानांना इजा होऊ लागते. त्यामुळे कोकण-गोव्याकडे तो बारा महिने थोडाफार चालू असतो. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत सुस्तावतो. नागपूरला त्याला दोन वेळा सुट्टी मिळते, एकदा थंडीत आणि एकदा मे महिन्यात, जेव्हा कोरड्या झळांनी पानांच्या कडा करपतात. थांबलेल्या झाडाला ‘वाढत नाही’ म्हणून पाणी आणि खत वाढवणे हा हमखास मुळे कुजवण्याचा मार्ग. हिवाळ्यात मातीचा वरचा दोन बोटे थर वाळल्यावरच पाणी द्यावे आणि खत बंद ठेवावे.

आता बाटली. नुसत्या नळाच्या पाण्यात मनीप्लांट वर्षानुवर्षे जगतो हे खरे, पण पाण्यात नत्र, स्फुरद, पालाश नगण्य. नवे पान काढायला लागणारे नत्र तो जुन्या पानातून काढून घेतो. म्हणूनच एक आले की एक पिवळे. पाण्यात विरघळणारे खत, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भागाने, महिन्यातून एकदा टाकले तर हे थांबते. जास्त टाकले तर शेवाळ माजते, मुळे काळवंडतात. पाणी मात्र आठवड्याच्या आत बदलायचेच आणि बाटलीची आतली बाजू घासायची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. मुंबईत दर पावसाळ्यात पालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घराघरांतून तपासणी करतात, तेव्हा मनीप्लांटच्या बाटल्या आणि शोभेच्या बांबूची भांडी आधी बघतात. अंडी काचेला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही.

पाण्यात फुटलेली मुळे आणि मातीतली मुळे यांची घडण थोडी वेगळी असते. जुनी बाटलीतली वेल मातीत लावली की ती काही आठवडे रुसते, एखादे पान टाकते. हलवायचीच असेल तर मुळे दोन-तीन इंचांची असतानाच हलवलेली बरी.

कुंडीचा परिणाम लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. हेंड्रिक पूर्टर आणि सहकाऱ्यांनी 2012 साली कुंडीच्या आकारावरचे अनेक जातींचे, अनेकांचे प्रयोग एकत्र तपासले. निष्कर्ष: कुंडीचे आकारमान दुप्पट केले की रोपाचे एकूण वजन सरासरी 43 टक्क्यांनी जास्त भरते. याचा अर्थ चार इंची कुंडीतले रोप थेट बादलीत लावावे असा नाही. एवढ्याशा मुळांभोवती ढीगभर ओली माती राहिली तर मुळे कुजतात. एका वेळी इंच-दोन इंच मोठी कुंडी, आणि माती पाणी अडवणारी नको: कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी विटांची खडी किंवा भाताचे तूस असे भुसभुशीत मिश्रण असले की झाले.

पांढऱ्या पट्ट्यांच्या जातींचा वेग वेगळा मोजावा लागतो. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते. तो भाग खातो पण कमवत नाही. मार्बल क्वीन म्हणून विकली जाणारी जात साध्या हिरव्या-पिवळ्या मनीप्लांटपेक्षा हळू वाढते ती यामुळे. भारतात निवडलेली आणि आता परदेशी नर्सऱ्यांतही मिळणारी मंजुला ही जातही अशीच संथ. अशा वेलीवर कधी एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते. ती जास्त कमावते, म्हणून झपाट्याने वाढते आणि बघता बघता पांढऱ्या फांद्यांना मागे टाकते. पट्टे हवे असतील तर हिरवी फांदी दिसल्याबरोबर बुडाशी कापावी. वाढ हवी असेल तर मुळातच हिरवी जात घ्यावी आणि पैसे वाचवावेत.

एक गोष्ट मात्र आधाराने किंवा उजेडाने होत नाही: फूल. मनीप्लांट अंगाने मोठा होतो, वयात येत नाही. 1880 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला पोथॉस ऑरियस नाव दिले, पण या कुळातल्या जाती ओळखायच्या त्या फुलांवरून, आणि फूलच दिसेना. 1962 साली एक फुललेली वेल सापडल्यावर त्याला दुसऱ्या वंशात टाकले, मग आणखी तपासून तिसऱ्या. फुलण्याच्या नोंदी 1964 नंतर जवळपास थांबतात. याचे कारण 2016 साली सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आलेल्या संशोधनाने दाखवले: जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्यातला एक जनुक या वेलीत नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारले तेव्हा वेलींना कळ्या आल्या. फुले नाहीत म्हणून बियाही नाहीत. जगभरच्या घरांतले मनीप्लांट छाटांवरून छाट, त्यावरून छाट, असेच वाढलेले आहेत. चोरून आणलेला मनीप्लांट चांगला लागतो ही समजूत घरोघरी आहे. विकत आणलेलाही कोणाच्या तरी वेलीचा तुकडाच असतो.

ज्यांना सुपाएवढी पाने नकोत, टेबलावर छोटे, दाट झाड हवे आहे, त्यांनी वरच्या सगळ्या गोष्टी उलट करायच्या, फक्त उजेड सोडून. काठी द्यायची नाही. टोक वाढू द्यायचे नाही. टोकाचा कोंब खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो खुडला की मागचे एक-दोन डोळे जागे होतात आणि एका वेलीच्या दोन होतात. दर दोन-तीन महिन्यांनी वेली वीतभर ठेवून कापायच्या आणि कापलेले एकेका पेराचे तुकडे त्याच कुंडीत मोकळ्या जागी खोचायचे. तुकड्याचा खालचा भाग आत, पेर मातीला टेकलेले, पान वर. वर्षभरात कुंडी भरते. उजेड मात्र खिडकीजवळचाच द्यायचा, नाहीतर छोटे झाड न होता विरळ झाड होते.

उरलेल्या छाटांचे काय करायचे हा प्रश्न लहान वाटतो. कंपाउंडमागच्या नाल्यात किंवा टेकडीच्या कडेला ढीग फेकून देऊ नये. बी नसलेली ही वेल श्रीलंकेत कँडीजवळच्या उडवत्तकेले या राखीव जंगलात इतकी माजली आहे की खालची जमीन तिने झाकून टाकली आहे आणि स्थानिक रोपांना वर यायला जागा उरत नाही. तिला एक पेर आणि दमट सावली पुरते, आणि आपल्याकडे चार महिने दमट सावली फुकट असते. तुकडे गच्चीवर उन्हात पसरून पूर्ण वाळू द्यावेत. खोडाचा रंग उडून ते काटकीसारखे मोडले की मगच कंपोस्टच्या पिंपात टाकावेत. हिरवे टाकले तर ते पिंपातही फुटतात.